काडी, राखुंडी आणि टूथपेस्ट

मनुष्याच्या शरीरात झीज भरून काढण्याची शक्ती निसर्गाने ठेवलेली आहे. कातडीला जखम झाली, तर ती काही दिवसांत भरून येते. हाड मोडले, तर ते सांधते. कापलेली नखे व केस पुन्हा वाढतात. दाताचे मात्र तसे नाही. दातावर जे पांढरे, चकचकीत आवरण असते, त्यास दंतवल्क किंवा इनॅमल असे म्हणतात. सबंध शरीरात ह्याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाही. पण हे आवरण घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच आपले काम संपवून नाहीशा होतात. म्हणून एकदा झिजून गेलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. दुधाचे २० दात पडून जातात. त्यांच्या जागी व त्यांच्या मागे येणारे ३२ दात मात्र जन्मभर पुरवावयाचे असतात. यास्तव दररोज सकाळी आपण दातांवर काय घासतो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

दात घासावयाचे ते कशासाठी, हे प्रथम पाहिले पाहिजे. स्वच्छ घासलेल्या दातांवरही थोड्याच वेळात एक पातळ, चिकट पापुद्रा जमू लागतो. जिभेने चाचपल्यास तो बुळबुळीत लागतो. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. अन्नातील साखर हे त्यांचे खाद्य होय. साखर मिळताच ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात दंतवल्कातील चुन्याचे क्षार हळूहळू विरघळू लागतात. लाळ ही ह्या ठिकाणी दातांची कैवारी होय. ती आम्ल सौम्य करते, आणि गेलेले क्षार थोड्या प्रमाणात दातास परत देते. हानी व भरपाई यांचा असा झगडा तोंडात अहोरात्र चालू असतो. हानी वरचढ झाली, म्हणजे दाताला खड्डा पडतो. त्यासच दात किडणे असे म्हणतात. तेव्हा दात घासणे म्हणजे त्यांना पांढरे करणे नव्हे, तर तो चिकट पापुद्रा दररोज काढून टाकणे, हेच खरे दंतधावन होय.

हे काम आपल्या देशात फार प्राचीन काळापासून झाडाच्या काडीने केले जात आहे. संस्कृत ग्रंथांत तिला दंतकाष्ठ असे नाव आहे. सुश्रुताने आपल्या संहितेत ही काडी कशी असावी ते बारकाईने सांगितले आहे. ती बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, ताजी, आणि गाठी व किडी नसलेली असावी, असे तो म्हणतो. कडू रसाच्या झाडांत निंब, तुरट रसाच्या झाडांत खैर, गोड रसाच्या झाडांत मोह व तिखट रसाच्या झाडांत करंज श्रेष्ठ, असाही त्याचा अभिप्राय आहे. चरकाने दंतधावन दिवसातून दोन वेळा करण्यास सांगितले आहे. आजचे दंतवैद्यही हेच सांगतात.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत बाभळीची व कडुनिंबाची काडी विशेष प्रचारात आहे. पहाटे शेताकडे निघालेला शेतकरी बांधावरची कोवळी काडी मोडून घेतो, तिचे टोक दाढेखाली चावतो, आणि चावून चावून त्याचा मऊ कुंचला करतो. ह्या कुंचल्याने तो दात घासतो, आणि शेवटी तीच काडी उभी चिरून तिने जीभ स्वच्छ करतो. पैसा पडत नाही, पाणी थोडे लागते, आणि उरलेल्या काडीची मातीत माती होते. चावण्याने तोंडात लाळ सुटते, हा आणखी एक लाभ. बाभळीच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. निंबाच्या कडू रसात जंतूंच्या वाढीस आळा घालण्याचा गुण आढळला आहे. अरबस्तानात व इतर अनेक देशांत पिलूच्या झाडाची काडी अशाच रीतीने वापरतात. तिला मिस्वाक असे म्हणतात. अर्थात काडीचे हे ज्ञान कोणा एका देशाचे नसून, निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांनी आपापल्या अनुभवाने मिळविलेले आहे.

परंतु काडीलाही तिच्या मर्यादा आहेत. समोरचे दात तिने उत्तम स्वच्छ होतात. मात्र दाढांच्या आतल्या व मागच्या बाजूस ती सहज पोहोचत नाही. टोक नीट न चावता काडी तशीच जोराने घासली, तर हिरड्या सोलवटतात. शिवाय झाड नैसर्गिक आहे एवढ्याने ते निरुपद्रवी ठरत नाही. चरकाने दंतकाष्ठांसाठी जी झाडे सांगितली आहेत, त्यांत करंज व अर्जुन यांबरोबर रुई व कण्हेर यांचीही नावे येतात. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यांस व तोंडास अपाय करतो, हे आज निश्चित ठाऊक आहे. म्हणून मुलांनी ओळखीच्या नसलेल्या झाडाची काडी तोंडात कधीही घालू नये. जुन्या ग्रंथाचा आदर करावा. पण त्यातील प्रत्येक गोष्ट पारखून घ्यावी, हाच विवेक होय.

काडीबरोबरच आपल्याकडे चूर्णांचाही प्रघात आहे. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून केलेली राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटेची भुकटी, बारीक वाळू, तांबडे दंतमंजन असे त्याचे अनेक प्रकार आहेत. ह्यांतील कोणता चांगला व कोणता वाईट, हे कसे ठरवावे? त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. फ्रीड्रिख मोस ह्या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली पदार्थांच्या कठिणपणाची एक श्रेणी लावून दिली. तीत सर्वांत मऊ असा शंखजिऱ्याचा दगड पहिल्या पायरीवर असून सर्वांत कठीण असा हिरा दहाव्या पायरीवर आहे. जो पदार्थ वरच्या पायरीचा, तो खालच्या पायरीवरच्या पदार्थावर ओरखडा काढतो. दंतवल्काची पायरी सुमारे पाचवी, खडूची सुमारे तिसरी, आणि वाळूतील गारेची सातवी आहे.

एवढे कळले म्हणजे पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. विटेच्या भुकटीत गारेचे कण असतात. ते दंतवल्काहून कठीण असल्यामुळे दातावरील डागांबरोबर दातही खरवडून काढतात. अशा भुकटीने दात प्रथम पांढरेशुभ्र दिसतात, आणि घासणाऱ्यास ती फार गुणकारी वाटते. काही वर्षांनी मात्र वरचे आवरण पातळ होऊन आतला पिवळसर भाग दिसू लागतो, आणि थंड पाणी पिताना दातांतून कळ येते. राखेतही अशा गारेचा अंश असतो, आणि कोळशाची भरड पूडही दातांस झिजविते. तांबड्या दंतमंजनांत बहुधा गेरू घातलेला असतो. त्याचे कण जाड राहिल्यास तेही अपायच करतात. मिठाचे खडे पाण्यात विरघळतात खरे, पण कोरडे मीठ जोराने चोळल्यास हिरड्यांना इजा होते. ह्याउलट खडूची अगदी बारीक पूड दंतवल्काहून मऊ असल्याने पापुद्रा काढते, आणि दात राखते. म्हणूनच टूथपेस्टमध्ये पुष्कळदा ती घातलेली असते.

चूर्णांपैकी एकाचा निराळा उल्लेख करणे अवश्य आहे. ते म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली, की मशेरी तयार होते. महाराष्ट्रातील अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत, ती दातांना लावण्याची सवय आहे. मशेरीने दातदुखी थांबते, असा समज आहे. वस्तुतः तंबाखूतील निकोटिनामुळे घटकाभर बरे वाटते; रोग जसाच्या तसा राहतो, आणि व्यसन मात्र जडते. सकाळी एकदा लावावयाची मशेरी पुढे दिवसातून चारपाच वेळा लागू लागते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, आणि गर्भवतीने ती वापरल्यास बाळ वजनाने कमी भरते. १९९२ साली भारत सरकारने टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरी भाजलेल्या मशेरीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरातील शिकलेल्या मुलामुलींनीच आजीला व आईला प्रेमाने समजावून सांगितले पाहिजे. मशेरी हीसुद्धा एका वनस्पतीपासूनच होते, हे नैसर्गिक वस्तूंविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

आता टूथपेस्टकडे वळू. तीत घासण्यासाठी बारीक पूड, फेसासाठी साबणासारखे द्रव्य, ओलसरपणासाठी ग्लिसरीन आणि चवीसाठी पुदिन्याचा किंवा लवंगेचा अर्क असतो. ह्यांखेरीज आजच्या बहुतेक टूथपेस्टमध्ये फ्लोराईड नावाचा क्षार असतो. ह्या क्षाराविषयी लोकांत दोन टोकांची मते आहेत. कोणी त्यास दातांचे अमृत समजतात, तर कोणी विष समजून फ्लोराईडविरहित मंजनाचा आग्रह धरतात. ह्यातील तथ्य समजण्यासाठी फ्लोराईडाचा शोध कसा लागला, ती हकीकत पाहणे उद्बोधक होईल.

१९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या गावी फ्रेडरिक मकाय नावाचा एक तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी आला. त्या गावात जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग त्यास दिसले. ते घासून जात नसत. पुढे ग्रीन ब्लॅक ह्या विख्यात दंतशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्याने अनेक वर्षे शोध केला. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हे डागाळलेले दात दिसावयास वाईट असले, तरी ते सहसा किडत नसत. १९२३ साली मकाय आयडाहो संस्थानातील ओकली ह्या गावी गेला. पाच मैलांवरील एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग पडू लागले, असे तेथील पालकांनी सांगितले. मकायने पाणी तपासले. त्यात त्याला काहीच सापडले नाही. तरीही त्याने तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी वापरण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला, आणि काही वर्षांत लहान मुलांना निर्मळ दात येऊ लागले.

दोष पाण्यात आहे, हे असे ठरले. पण पाण्यात काय आहे, ते कळेना. ते अकस्मात कळले. बॉक्साइट नावाच्या एका गावात हेच डाग आढळले होते. अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्यांमुळे विषबाधा होते, असा प्रवाद त्या काळी पसरलेला होता. तेव्हा डागांचा ठपका आपल्या धातूवर येऊ नये, म्हणून एका अ‍ॅल्युमिनिअम कंपनीचा मुख्य रसायनज्ञ चर्चिल ह्याने त्या गावच्या पाण्याची नव्या रीतीने कसून परीक्षा केली. १९३१ साली त्यास त्या पाण्यात फ्लोराईड फार मोठ्या प्रमाणात सापडले. पुढे ट्रेंडली डीन ह्या शास्त्रज्ञाने अनेक गावांतील मुलांचे दात तपासून असे दाखविले, की एक लिटर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराईड असेल, तर कुरूप डाग सहसा पडत नाहीत, आणि दात किडण्याचे प्रमाणही घटते. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स ह्या शहराच्या पाण्यात ह्या बेताने फ्लोराईड मिसळण्यात आले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण ११ वर्षांच्या काळात ६० टक्क्यांहून अधिक घटले. ह्यानंतर फ्लोराईड टूथपेस्टमध्ये आले.

फ्लोराईड दातांचे रक्षण करते ते असे : लाळेतील क्षार दातात परत मुरण्याचे काम त्याच्यामुळे सुलभ होते, आणि त्यातून बनलेला भाग आम्लास पूर्वीपेक्षा अधिक दाद देत नाही. हा गुण मुख्यतः दातास बाहेरून स्पर्श झाल्याने मिळतो; त्यासाठी पेस्ट गिळण्याची गरज नसते. उलट, सुमारे आठ वर्षांच्या वयापर्यंत, हिरडीच्या आत कायमचे दात घडत असताना, फ्लोराईड अधिक प्रमाणात पोटात गेले, तर पुढे येणाऱ्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात.

हे संकट आपल्या देशाला चांगलेच परिचयाचे आहे. १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात एक भयंकर रोग शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. विहिरींच्या पाण्यातील फ्लोराईडामुळे तेथील लोकांचे दात तर डागाळले होतेच, पण पाठीचा कणा व सांधे ताठून पुष्कळ लोक पांगळे झाले होते. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूगर्भातील पाण्यात फ्लोराईड अधिक आढळते. खडकांतील खनिजांतून ते पाण्यात उतरते, म्हणून खोल कूपनलिकांच्या पाण्यात त्याचे भय विशेष. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा ठरविली आहे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. ते काढून टाकण्यासाठी तुरटी व चुना यांचा उपयोग करण्याची एक स्वस्त रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने शोधून काढली असून, ती नलगोंडा पद्धती ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

आता थोडे गणित करून पाहावे. भारतातील नियमाप्रमाणे टूथपेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराईडाचे एक हजारांहून अधिक भाग नसावेत, आणि ते प्रमाण वेष्टनावर छापलेले असावे. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये अधिकांत अधिक एक मिलिग्रॅम फ्लोराईड येते. लहान मुलाने गोड चवीच्या लोभाने ग्रॅमभर पेस्ट गिळली, तर एक लिटर पाण्यातून यावे तेवढे फ्लोराईड त्याच्या पोटात एका क्षणात गेले, असे होते. म्हणून तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्याहून मोठ्या लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, असे दंतवैद्य सांगतात. मुलांनी ती थुंकून टाकावी, आणि मोठ्यांनी जवळ उभे राहून त्याकडे लक्ष द्यावे. जाहिरातीच्या चित्रात ब्रशवर पेस्टची जी लांबच लांब वळी दाखवितात, ती विक्रीसाठी चांगली असली, तरी मुलासाठी चांगली नव्हे.

तेव्हा निवड कशी करावी? ज्या गावच्या पाण्यात फ्लोराईड मर्यादेबाहेर आहे, तेथे ते पाणी बदलणे किंवा शुद्ध करणे हा पहिला उपाय होय. आणि तेथील लहान मुलांसाठी, दंतवैद्याच्या सल्ल्याने, फ्लोराईडविरहित मंजन किंवा स्वच्छ ताजी काडी पसंत करणे शहाणपणाचे ठरेल. ज्या ठिकाणी पाण्यात फ्लोराईड अल्प आहे, आणि मुलांच्या खाण्यात साखर, गोळ्या व बिस्किटे पुष्कळ आहेत, तेथे फ्लोराईड सोडून देणे म्हणजे हातातील ढाल टाकून देण्यासारखे आहे. लवंग, निंब किंवा बाभूळ यांनी तोंड स्वच्छ व सुगंधी होईल. पण किडीविरुद्ध फ्लोराईडाने मिळणारे रक्षण त्यांच्यापासून तितके मिळते, असे सिद्ध झालेले नाही. अशा ठिकाणी ज्यास काडी प्रिय असेल, त्याने सकाळी खुशाल काडी करावी, आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासावेत. दोहोंत वैर मुळीच नाही.

कोणतेही चूर्ण निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. चिमूटभर चूर्ण दोन बोटांत चोळून पाहावे. ते वाळूसारखे खरखरीत लागल्यास दातांस लावू नये. त्यात तंबाखू नसावी. त्यात काय काय घातले आहे, हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असावे; केवळ ‘नैसर्गिक’ ह्या शब्दावर भुलू नये. आणि त्यात फ्लोराईड आहे की नाही, हे वाचून, आपल्या गावच्या पाण्याशी ते ताडून पाहावे. गावच्या पाण्याची तपासणी शासकीय प्रयोगशाळेतून होत असते. ग्रामपंचायतीकडे चौकशी केल्यास ती माहिती कोणासही मागता येते.

ह्या साऱ्याहूनही मोठी गोष्ट ही की, साधन कोणतेही असले, तरी घासणाऱ्याचा हात काळजी घेणारा हवा. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने, आतून व बाहेरून, प्रत्येक दात व दाढ घासली गेली पाहिजे. आणि गोड खाल्ल्यावर चूळ भरण्यास विसरता कामा नये. भारी किमतीची पेस्ट घाईघाईने फिरविणाऱ्यापेक्षा साधी काडी मन लावून करणाऱ्याचे दात अधिक स्वच्छ राहतात. तरी साधन निवडताना कसोटी सोडू नये. केवळ जुने म्हणून काही चांगले नसते, आणि केवळ नवे म्हणून काही वाईट नसते. पदार्थ कोणता, त्याचे प्रमाण किती आणि तो कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारून जो निवड करतो, तोच आपले दात वार्धक्यापर्यंत सांभाळतो.